घर सुताराचं, संसार टिटचा

कच्छच्या काटेरी रानात एक चिमुकला पक्षी बाभळीच्या फांदीला उलटा लटकून किडे टिपत असतो. हा व्हाइट-नेप्ड टिट, आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा भाऊबंद. त्याच्या या काही भन्नाट गोष्टी:

मान वळवा, ओळख दाखवा: लांबी जेमतेम 12 सेंटिमीटर. पाठ चकचकीत काळी, गाल पांढरे, पोटावरून खाली उतरणारा काळा पट्टा, कुशीला पिवळसर झाक. पाठमोरा झाला की मानेवरचा पांढराशुभ्र ठिपका दिसतो आणि शंकाच उरत नाही.

अस्सल भारतीय: हा पक्षी भारताबाहेर कुठेच सापडत नाही.

एक घराणं, दोन टोकं: निम्मं बिऱ्हाड गुजरात-राजस्थानात, उरलेलं थेट कर्नाटक-आंध्रकडे. मधल्या अख्ख्या महाराष्ट्रात मात्र बस्तान नाही. गंमत म्हणजे आज कच्छमुळे गाजणाऱ्या या पक्ष्याची शास्त्रीय नोंद पक्षीशास्त्रज्ञ थॉमस जेर्डनने 1845 मध्ये केली, ती दक्षिणेतल्या पूर्व घाटातल्या पक्ष्यावरून!

चोच आहे, पटाशी नाही: याला घरटं लागतं झाडाच्या ढोलीत, पण कठीण लाकूड कोरणं याच्या चोचीला झेपत नाही. मग सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली गाठायची.

मराठी कनेक्शन: हे आयतं घर बांधून देणाऱ्यांतला एक म्हणजे मराठा सुतार. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘महरॅटेन्सिस’ आहे. म्हणजे महाराष्ट्रात टिट नसला, तरी टिटच्या घरावर मराठ्यांचा शिक्का आहेच.

वाळक्या फांदीची किंमत: आययूसीएन या निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत हा पक्षी ‘असुरक्षित’ गटात आहे. सरपण, कोळसा, अगदी दातणासाठीसुद्धा काटेरी झाडं तोडली जातात. त्यात सुताराला कोरायला सोपी म्हणून वाळकी फांदी आवडते आणि चुलीलाही नेमकी तीच लागते. फांदी गेली की ढोली गेली, आणि ढोली गेली की टिटचा संसार अडला. नुसती नवी रोपं लावून हे भागत नाही. जुनं, पोखरलेलं झाड उभं राहू द्यावं लागतं.

कच्छच्या रण उत्सवाला निघालाच आहात, तर एक सकाळ नखत्राणा तालुक्यातल्या बाभळींसाठी राखून ठेवा. सोबत स्थानिक गाईड घ्या, दुर्बीण विसरू नका आणि ढोलीपासून चार हात लांबच राहा.