आईचा आवाज ठेवायचा कुठे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, आईच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग तुझ्याकडेच आहे ना? उद्या सगळ्यांना ऐकवू या." मी मोठ्या विश्वासाने कपाटातली हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडली. आतून टक्‌टक् असा आवाज आला, पुढे काहीच नाही. दुरुस्ती करणाऱ्याने प्रयत्नांची शर्थ केली. सतरापैकी नऊ ओव्या मिळाल्या. आठ गेल्या, त्या कायमच्याच.

दोष डिस्कचा नव्हता. यंत्र कधीतरी बिघडणारच. दोष माझा होता, कारण प्रत एकच होती.

मग लोक म्हणाले, "क्लाउडवर टाका." क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. कुठल्यातरी इमारतीत ठेवलेले दुसऱ्याचे संगणक, एवढाच त्याचा अर्थ. इमारतीला आगही लागू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरमधली एक इमारत जळून गेली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती गेली ती गेलीच.

म्हणून पहिला नियम ३-२-१ चा. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीसाठी क्लाउड सोयीचा. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवणे, ज्याला 'सिंक' म्हणतात, ती राखीव प्रत नव्हे. फोनमधला फोटो चुकून पुसला, तर तो क्लाउडवरूनही पुसला जातो. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तो तीस दिवस राहतो, नंतर नाही.

आता सुरक्षिततेचे. बहुतेक कंपन्या आपल्या फायली कुलूपबंद ठेवतात, पण किल्ली त्यांच्याकडे असते. सोसायटीच्या वॉचमनकडे जादा किल्ली ठेवावी, तसाच हा प्रकार. आपली हरवली तर तो दार उघडून देतो, ही सोय. पण त्याच्याकडून ती दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर, हा धोका. दुसऱ्या प्रकारात किल्ली फक्त आपल्याकडे असते. अ‍ॅपलने २०२२ मध्ये आयक्लाउडवरील बहुतेक माहितीसाठी अशी सोय आणली. मात्र ती आपणहून चालू करावी लागते. इतर सेवांसाठी क्रिप्टोमेटरसारखी प्रणाली आहे. ती आपल्या संगणकावरच फायलींना कुलूप लावते आणि मगच त्या क्लाउडवर जातात. पण लक्षात ठेवा, इथे पासवर्ड विसरलात, तर कंपनीही मदत करू शकत नाही.

माझा भाचा म्हणाला, "मामा, घरीच क्लाउड उभारा ना." नेक्स्टक्लाउड या मुक्त प्रणालीने ते करता येते. किल्लीही आपली, जागाही आपली. पण वेळोवेळी अद्ययावत करणे, वीज गेली की सांभाळणे, हे सारे आपल्यालाच निस्तरावे लागते. शिवाय घराला आग लागली किंवा चोरी झाली, तर घरातला क्लाउडही जातो. हौस आणि सवड असेल तरच या वाटेला जावे. मी गेलो नाही.

मी काय केले ते सांगतो. ओव्या आणि फोटो संगणकावर, एका बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर ठेवले. ते साध्या कुलपात आहेत, कारण ते माझ्या पश्चात मुलांना सहज उघडता यायला हवेत. खरेदीखत, पॅन, बँकेची कागदपत्रे मात्र क्रिप्टोमेटरच्या तिजोरीत. खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड दिला आणि दुहेरी पडताळणी लावली. फोन हरवला तर लागणारे संकेतांक आणि तिजोरीचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातले. ते पाकीट कुठे आहे, हे सौभाग्यवतींना ठाऊक आहे.

आणखी एक. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. आपल्यामागे खात्यातली माहिती कोणाच्या हाती जावी, हे 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये आधीच नोंदवता येते. मी मुलीचे नाव घातले.

शेवटचे काम सगळ्यांत महत्त्वाचे. दर सहा महिन्यांनी मी एखादी फाईल प्रतीतून परत उतरवून, उघडून पाहतो. परत मिळते की नाही हे न तपासलेली प्रत म्हणजे नुसता भरवसा. तो एकदा मला महागात पडला आहे.

यंदाच्या श्राद्धाला बहिणीने तिच्या घरी, तिच्या फोनवर नऊच्या नऊ ओव्या लावल्या. दहावी आठवून तिनेच म्हटली. मी ती लगेच रेकॉर्ड केली आणि त्याच रात्री तिच्या तीन प्रती केल्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)