सर्वजयेचा हंबरडा

पार्श्वसंगीत भावना गडद करतं, असं आपण सहज लिहून जातो. मीही वर्षानुवर्षं तेच लिहीत होतो. ‘पथेर पांचाली’मधल्या (१९५५) एका प्रसंगानं मला ते खोडायला लावलं.

हरिहर परगावाहून घरी येतो. दुर्गा गेली, हे त्याला ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू दाखवता दाखवता तो तिच्यासाठीची साडी पुढे करतो. ती हाती येताच सर्वजया कोसळते. रडताना दिसते ती. ऐकू येते तारशहनाई. सत्यजित राय यांनी तिचा आवाज काढून टाकून तिथं रविशंकरांचा पटदीप ठेवला आहे.

वाद्याचं नाव फसवं आहे. ही शहनाई नव्हेच. ग्रामोफोनसारखा भोंगा जोडलेला हा गजानं वाजवायचा इसराज. वाजवला आहे दक्षिणामोहन टागोर यांनी. भोंग्यामुळे तारेचा सूर चिरका, घशातून फाटून आल्यासारखा होतो. पटदीपाचं म्हणाल तर, भीमपलासीच्या वळणाचा, पण निषाद शुद्ध. मी गाणं रीतसर शिकलेलो नाही, पेटीवर चाचपडत हे पडताळलं. तो निषाद षड्जाच्या तोंडाशी येऊन ताटकळतो आणि जीव टांगणीला लागतो.

म्हणजे इथं गडद करायला खाली रडणंच शिल्लक नाही. करुणा बॅनर्जी यांचा आवाज राहिला असता, तर तो सर्वजयेचाच राहिला असता. आता ती रिकामी जागा ऐकणारा आपल्या ओळखीच्या आवाजानं भरतो. मला दर वेळी आजी ऐकू येते, धाकटा काका गेला त्या दुपारची.