गळा आणि विचार : अर्वाचीन गुजराती कवितेचे जुने भांडण

गुजराती कवितेशी मराठी माणसाची ओळख बहुधा कानाने झालेली असते. नवरात्रातला गरबा, प्रार्थनेतले नरसी मेहतांचे भजन एवढे ऐकून आपण ठरवून टाकतो, की ही गोड गळ्याची भाषा. ते खोटे नाही. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत गुजराती कवी याच गोडव्याशी भांडत आले आहेत, आणि तिथली मोठी कविता बहुतांशी त्या भांडणातूनच जन्मली, असे मला वाटते.

सभा, जोस्सो आणि पृथ्वी

अर्वाचीन कवितेचा आरंभ सामान्यतः १८४५ सालच्या, दलपतरामांच्या ‘बापानी पीपर’पासून धरतात. दलपतराम सभेचे कवी होते. पिंगळात, म्हणजे छंदशास्त्रात, मुरलेले आणि इंग्रज अधिकारी फार्बससाहेबांच्या मैत्रीतून नव्या काळाकडे पाहणारे हे गृहस्थ सुधारणेची गोष्टही समोरच्या माणसाला रुचेल अशा बेताने सांगत. सुरतेचा नर्मद याच्या अगदी उलट. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या या तरुणाने कवितेचे मर्म ‘जोस्सो’, म्हणजे आवेश, या एका शब्दात पकडले. प्रेम, निसर्ग, देश आणि स्वतः कवी हे विषय त्याने कवितेत आणले. त्याची भावना कारागिरीच्या पुढे धावते, हे मान्यच करावे लागते. पण दार त्यानेच उघडले.

१८८७ मध्ये नरसिंहराव दिवेटियांची ‘कुसुममाळा’ आली आणि इंग्रजी भावकवितेचे वळण गुजरातीत रुजले. ‘कान्त’ यांनी फार थोडे लिहिले, पण ‘वसंतविजय’सारख्या खंडकाव्यात भाव पालटला की वृत्त पालटते, आणि शेवटी सुखाचा मुलामा न देता ते शोकापाशी थांबतात. लाठी संस्थानचे राजे कलापी अवघ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात ‘केकारव’ मागे ठेवून गेले. ती कविता अश्रूंनी भिजलेली आहे, तरीही पिढ्यान्‌पिढ्यांनी ती वह्यांत उतरवून घेतली.

या भिजलेपणाविरुद्ध उभे राहिले बळवंतराय ठाकोर. १८८८ मध्ये त्यांनी ‘भणकार’ हे गुजरातीतले पहिले सुनीत लिहिले. मराठीत केशवसुतांनी सुनीत आणले ते काही वर्षांनी. कविता गाण्यासाठी नाही, विचाराने वाचण्यासाठी आहे, हा ठाकोरांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी पृथ्वी वृत्त निवडले. मोरोपंतांच्या ‘केकावली’मुळे मराठी कानाला ते परिचयाचे आहे. पंतांची पृथ्वी भक्तीने आळवते. ठाकोरांनी तिच्यातला यतीचा जाच सैल केला, वाक्य एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहू दिले आणि तिला बोलायला, वाद घालायला लावले. त्यांच्या ओळी कधी कधी खडबडीत होतात, पण पुढच्या पिढीला कणा मिळाला तो या खडबडीतूनच.

त्याच काळात दलपतरामांचे पुत्र न्हानालाल छंदच सोडून डोलनशैलीत, म्हणजे लयदार गद्यात, लिहीत होते. तिची मोहिनी विलक्षण होती. मात्र त्या वाटेने मागून जाणारा फिका पडला. गीतांतला त्यांचा शब्द आजही ताजा वाटतो, डोलनाचा डौल तेवढा टिकलेला नाही.

कोसियाचा प्रश्न

मग गांधीजींनी वेगळाच प्रश्न टाकला : विहिरीवर मोट चालवणाऱ्या कोसियाला तुमचे साहित्य कळते का? ठाकोर कवितेला विचाराकडे ओढत होते, गांधीजी माणसांकडे. उमाशंकर जोशी आणि सुंदरम् यांचे मोठेपण असे, की त्यांनी दोन्ही ओझी उचलली. सत्याग्रहात तुरुंग पाहिलेल्या विशीतल्या उमाशंकरांनी १९३१ मध्ये ‘विश्वशांति’ लिहिली. पंचवीस वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच कवीने ‘छिन्नभिन्न छुं’ लिहिली. तिच्यात छंदही माणसासारखा तुटलेला आहे. विश्वाच्या शांतीपासून स्वतःच्या तुकड्यांपर्यंतचा हा प्रवास इतक्या प्रामाणिकपणे करणारे कवी भारतीय भाषांत थोडे असतील. १९३९ च्या ‘निशीथ’ला १९६७ चे ज्ञानपीठ कन्नड कवी कुवेंपूंसोबत विभागून मिळाले. सुंदरम् यांनी १९४६ मध्ये ‘अर्वाचीन कविता’ या ग्रंथात आधीच्या कवींचा हिशेब मांडला. कवीने आपल्या पूर्वजांना असे बारकाईने वाचावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

मुंबई, मरण आणि आक्रोश

राजेंद्र शाहांच्या ‘ध्वनि’ने (१९५१) गाण्याला पुन्हा मान दिला. निरंजन भगतांनी मात्र ‘प्रवालद्वीप’मध्ये हॉर्नबी रोड, चर्चगेटची लोकल, फाउंटनचा बसथांबा छंदात बांधला. मर्ढेकरांची मुंबई ज्यांनी वाचली आहे, त्यांनी ही शेजारची मुंबई अवश्य वाचावी. पुढे सुरेश जोशींच्या आधुनिकतावादी विचाराने आणि अहमदाबादच्या ‘रे मठ’ या कविमंडळाच्या बंडाने ठरीव अर्थच झुगारला. लाभशंकर ठाकरांनी शब्दावरचा विश्वास हलवला. सितांशु यशश्चंद्रांनी ‘ओडिस्युसनुं हलेसुं’मध्ये अतिवास्तव प्रतिमांचा पूर आणला, आणि नंतर ‘जटायु’त रामकथेतल्या त्या पक्ष्याकडे ते नव्याने वळले.

या सगळ्यांत माझा जीव अडकतो तो रावजी पटेलांमध्ये. खेड्यातून आलेला हा कवी १९६८ मध्ये, तिशीही न गाठता, क्षयाने गेला. ‘आभासी मृत्युनुं गीत’मध्ये त्याने स्वतःचे मरण लग्नगीताच्या चालीत मांडले. इथे गोडवा सांत्वन करत नाही, उलट जखम उघडी करतो. ठाकोरांना गाण्याची जी भीती होती, तिला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. दुर्दैवाने त्यानंतर राधाकृष्णाच्या नि पावसाच्या गीतांचे अमाप पीकही आले. चाल गोड असली की ढिला शब्द खपून जातो. रमेश पारेखांसारखा अस्सल कवी या गर्दीत वेगळा ऐकू येतो.

गळ्याची मक्तेदारी कोणाची, हा प्रश्न दलित कवींनी विचारला. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरची ठिणगी गुजरातेत पोचली आणि १९७८ मध्ये ‘आक्रोश’ हे दलित कवितेचे नियतकालिक निघाले. नीरव पटेल, दलपत चौहान यांनी प्रमाणभाषेच्या सोवळेपणावरच बोट ठेवले. तसाच न ऐकलेला आवाज स्त्रीचा : फिलाडेल्फियात राहून लिहिणाऱ्या पन्ना नायकांनी संसारातला एकटेपणा आडपडदा न ठेवता सांगितला.

आणि २०२१ च्या महामारीत, गंगेत प्रेते वाहत असताना, पारुल खख्खर यांनी ‘शबवाहिनी गंगा’ लिहिली. छोटी, तालबद्ध, सहज ओठांवर बसणारी ही कविता काही दिवसांत अनेक भारतीय भाषांत पोचली. तिला वाचायला पिंगळ लागत नाही; कोसियालाही ती कळली असती. आणि विचारात ती इतकी स्वच्छ आहे, की ठाकोरांनाही तिच्यात पोचट शब्द सापडला नसता. गळा आणि विचार एकमेकांचे वैरी नाहीत, हे तिच्या थोड्याशा ओळींनी दाखवून दिले. एवढे कळायला पावणेदोनशे वर्षांचे भांडण लागले असेल, तर ते सत्कारणी लागले.