काचेच्या पेल्यातली मेणबत्ती

परवा दवाखान्यात एक गृहिणी आल्या. मनगटापर्यंत भाजलेले, वर टूथपेस्टचा थर. दिवाळीत भेट आलेली सुवासिक मेणबत्ती जळत तळाशी गेली होती. पेला उचलायला गेल्या तो तडकला आणि तापलेले मेण हातावर सांडले.

याच कारणासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या साखळीने सुमारे ४९ लाख मेणबत्त्या परत मागवल्या होत्या. मेण संपत आले की ज्योत काचेच्या तळाला भिडते, काच एकाच जागी तापते आणि फुटते. तेव्हा अर्धा इंच मेण उरले की मेणबत्ती विझवावी. वात पाव इंचाहून लांब नको. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी ओतू नका, भडका उडतो. वर स्टीलची ताटली झाका.

भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. बर्फ नको. अंगठी, बांगड्या लगेच उतरवा, नंतर सूज येते. चिकटलेले मेण ओढू नका, कातडी सोलून निघते. टूथपेस्ट, शाई, हळद तर नकोच! बाईंची टूथपेस्ट मला आधी धुऊन काढावी लागली. जखम किती खोल आहे ते त्यानंतरच दिसले, आणि भाजल्यापेक्षा त्या धुण्यानेच त्या अधिक कळवळल्या.