निळ्या-काळ्या डब्यातला लिनक्स

लिंकसिस या अमेरिकी कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा वायफाय राउटर डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. पुढच्या जूनमध्ये जाणकारांनी त्याचे फर्मवेअर तपासले, तर आत लिनक्स! वापरायला हरकत नव्हतीच, लिनक्स असते त्यासाठीच. हरकत होती ती सोर्स कोड दडवण्याला.

लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. कोड घ्या, हवा तसा बदला, स्वतःपुरता वापरा. कोणाला काही दाखवायची गरज नाही. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिलात, की सोर्स कोडही सोबत द्यायचा. नाहीतर किमान तीन वर्षे मागेल त्याला तो देऊ, असे लेखी कळवायचे. पुष्कळांची गल्लत होते ती इथेच. बंधन बदल केल्याने येत नाही, वाटल्याने येते. आणि विकलेला प्रत्येक राउटर म्हणजे त्या प्रोग्रामची एक प्रत वाटणेच होते.

गुंता असा, की चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअरचे काम ब्रॉडकॉमने तैवानच्या सायबरटॅनकडून करून घेतलेले, आणि लिंकसिस तर सिस्कोने नुकतीच सुमारे ५० कोटी डॉलरना घेतलेली. पण ‘कोड आम्ही लिहिलाच नाही’ ही सबब परवान्यापुढे चालत नाही. जीपीएल परवाना तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी कोड खुला झाला.

पुढचे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. घरातल्या कोणाच्या डाउनलोडला किती वाव द्यायचा, अँटेनातून किती ताकदीने प्रक्षेपण करायचे, हे आता राउटरचा मालक ठरवू लागला. बर्लिनच्या फ्रायफुंक मंडळींनी तर असे राउटर एकमेकांना जोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे स्वतंत्र जाळेच उभारले.

पाचव्या आवृत्तीत लिंकसिसने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घातली, मेमरी निम्म्यावर आणली. या हौशी मंडळींची पंचाईत झाली. मग २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीएल आला, खास लिनक्सवाला. नाइलाजाने उघडलेला कोडच कंपनीच्या विक्रीचा मुद्दा ठरला, याची मला मोठी मौज वाटते.

भांडण मात्र मिटले नव्हते. लिंकसिसच्या इतर उत्पादनांचा कोड नीट मिळत नाही, म्हणून फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. सिस्कोने फाउंडेशनला देणगी दिली आणि लिंकसिससाठी एक अधिकारी नेमायचे कबूल केले. परवाने पाळले जातात की नाही हे पाहायचे आणि वेळोवेळी फाउंडेशनला कळवायचे, हे त्याचे काम.