पाठकोऱ्या कागदावरचा एमबीए

आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे कॅटचा फॉर्म भरायचा की नाही, हे लालबागमध्ये ठरवायची वेळ येते ती नेमकी वर्षातल्या सगळ्यांत गोंगाटाच्या दिवसांत. २०२५ साली नोंदणी १ ऑगस्टला सुरू झाली आणि २७ तारखेला गणपती आले. खाली लालबागच्या राजाच्या रांगेचा गलका, आणि वर चाळीतल्या खोलीत शेजारची मुलगी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडत बसलेली. ती बी.कॉम. झालेली. करी रोडचा पूल ओलांडून चालत लोअर परळला नोकरीला जाते. माझी हयात बँकेत गेली, म्हणून हिशेब तपासायला मला बसवलेलं.

फॉर्मचे २,६०० रुपये. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे. "काका, कर्ज मिळतं ना?" मिळतं, नावाजलेल्या संस्थांसाठी तारणाशिवायही मिळतं. मी हप्ता काढून दिला. वीस लाख, दहा टक्के, दहा वर्षं: महिना २६ हजारांच्या वर. शिकताना हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत असतं, हेही बाजूला लिहून दिलं. तिचे आजोबा गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर या घरात कर्जाचं नाव कोणी सहज काढत नाही. कागदावर नसलेला आकडा आईनेच काढला, कुकरचं झाकण लावता लावता: "आणि तू घरात देतेस ते? दोन वर्षं ते कुठून आणायचं?"

दोन वर्षांचा पगार. कॉलेजांच्या माहितीपत्रकात हा खर्च कधी छापलेला मी पाहिला नाही. तिने तो सर्वांत वर लिहिला.

मग शक्यतेचा हिशेब. २०२४ला कॅटला सुमारे २.९३ लाख जण बसले होते. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळाले तरी जवळपास तीन हजार जण पुढे. त्यात बऱ्याच आयआयएम दहावी-बारावीचे गुणही मोजतात, आणि तिचे बारावीचे गुण आता काही वाढायचे नव्हते.

दुसरी वाट राज्याच्या एमबीए सीईटीची. तिचा स्वभाव वेगळा. कॅटला दोन तासांत ६८ प्रश्न, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग, आणि पर्यायी प्रश्न चुकला की एक गुण वजा. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही उत्तर कोरं सोडायचं नाही. मी घड्याळ लावून सराव घेतला. अडलेल्या प्रश्नाशी झुंजत न बसता पुढे सरकायची तिची सवय तिथे उपयोगी पडली. कॅटच्या तार्किक कोड्यांत मात्र ती एका तक्त्यातच अडकून बसे.

शिवाय चर्चगेटचं जमनालाल बजाज. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने काढलेली ही संस्था. सीईटीतून जाणाऱ्यांना मुलाखत नाही, फी आयआयएमच्या मानाने कितीतरी कमी, आणि जेवायला-झोपायला घर आहेच. कटऑफ मात्र नव्याण्णव पर्सेंटाइलच्याही बरीच वर जाते.

"भरून टाक गं दोन्ही, २,६०० तर आहेत," वडील म्हणाले. मला ते पटलं नाही. कॅटचा भरलेला फॉर्म नोव्हेंबरातल्या परीक्षेपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी खातो, आणि ऑफिसातून आठला येणाऱ्या मुलीकडे दोन वेगळ्या परीक्षांसाठी तेवढ्या संध्याकाळी नसतात.

तिने कॅट सोडली. ऑफिसनंतर अभ्यासिकेत दोन तास, रविवारी पूर्ण सराव परीक्षा. जमनालाल किंवा सिडनहॅम मिळालं तरच नोकरी सोडायची, हे तिने आईदेखत लिहिलं. माटुंग्याच्या वेलिंगकरपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. खासगी संस्थेची फी धरून हप्ता पुन्हा काढायचा आहे, आणि ते काम माझ्याकडे आहे.