समुद्राला गेट नसतं: मालवणला फील्डवर्कला जाण्याआधी

ताडोब्याला जायचं तर गेट असतं. तिथे कोणीतरी तुमचा परवाना बघतं. मालवणच्या जेटीवर मात्र होडीत बसलं की झालं, असं वाटतं. आणि नेमकी इथेच आपली फसगत होते.

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला 3.18 चौ. किमी भाग गाभा क्षेत्र असून पद्मगड बेट त्यातच येतं. हे राष्ट्रीय उद्यान नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधली प्रवेशाची कलमं (27 आणि 28) दोन्हींना लागू होतात. कलम 28 नुसार अभ्यास, छायाचित्रण, संशोधन आणि पर्यटन यांसाठी परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, म्हणजे समुद्रापासून बरंच लांब!

म्हणून आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी तिथे जाऊन नक्की काय करणार? बघणार, मोजणार, की उचलणार? प्रवाळ आणि समुद्रकाकडी अनुसूची 1 मध्ये आहेत. संशोधनासाठी प्रवेश मिळाला म्हणजे नमुना घ्यायची परवानगी मिळाली, असं होत नाही. ती वेगळी मागावी लागते. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात टाकायचा नाही.

माझी चूक सांगते. पहिल्या अर्जाच्या मसुद्यात मी 'आवश्यक ते नमुने गोळा करणार' एवढंच लिहिलं होतं. गाइडनी तो तसाच परत दिला. कोणती प्रजाती, किती नमुने, कुठून, कशाने, नंतर ठेवणार कुठे, यातलं काहीच मी ठरवलेलं नव्हतं. ते ठरवेपर्यंत मे उजाडला आणि हंगाम गेला.

कारण समुद्र काही आपल्यासाठी थांबत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही बंद. खडकाळ किनाऱ्यावर काम असेल तर दिवस आणखी कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते आणि खडक नीट उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत तेवढं पाणी उतरत नाही. म्हणून आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, तारखा पक्क्या करा, आणि तिथून उलटे महिने मोजत अर्जाची तारीख काढा.

आणखी एक परवानगी कागदावर नसते. या अभयारण्याला अनेक मच्छीमारांचा विरोध राहिला आहे. आपली जाळी टाकायची जागा जाईल ही त्यांची भीती. तुम्ही पाण्यात दोरी आणि क्वाड्रॅट घेऊन उतरलात की त्यांना वाटणार, आले सर्वेवाले! तेव्हा आधी रापणीवर जा, तांडेलकाकांशी बोला, काय मोजताय आणि कशासाठी ते मराठीत सांगा. खडक कुठे आणि प्रवाह कधी फिरतो, हे त्यांना आपल्या नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.

परवान्याशिवाय घेतलेला नमुना हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो प्रबंधातही वापरता येत नाही. दोन वर्षांची मेहनत अशी वाया घालवू नका. आज निदान एवढं करा: एका कागदावर 'बघणार, मोजणार, उचलणार' असे तीन रकाने आखा आणि भरा. तुमचा अर्ज तिथूनच सुरू होतो.